बॅटरी निवडण्याआधी इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तिकेतील यादी पाहावी

पुण्यातील धायरीहून आपण लिहिलेला प्रश्न वाचला. गच्चीवर ३ किलोवॉटची ऑन-ग्रिड (म्हणजे ग्रिडची वीज गेली की बंद पडणारी) सौर यंत्रणा असूनही भर दुपारी वीज गेली की घर बंद पडते, आईंना रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारे यंत्र) लागतो आणि म्हणून आता सौर पॅनेल, ग्रिड व बॅटरी तिन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायची आहे, एवढे वाचेपर्यंत मी फक्त मान डोलावत होतो. पण विक्रेता म्हणतो की ४८ व्होल्टची कोणतीही लिथियम बॅटरी चालते, हे आपले वाक्य वाचले आणि तातडीने लिहायला बसलो. नेमके हेच वाक्य ऐकून मी ३ वर्षांपूर्वी चुकलो होतो. मी विद्युत अभियंता नाही. खाली लिहिले आहे ते एका ग्राहकाच्या अनुभवातून आलेले आहे, आणि जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावे.

आम्ही नऱ्ह्यात राहतो. वडिलांना ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर लागत असे आणि तो साधारण ३५० वॅट वीज घेत असे. मी ५ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर एका कंपनीचा घेतला आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी दुसऱ्या कंपनीची घेतली, कारण ती बरीच स्वस्त मिळत होती. व्होल्टेज जुळत होते, आकडे जुळत होते, त्यामुळे अधिक काही विचारावे असे मला सुचलेही नाही.

ऑगस्टमधल्या एका पावसाळी रात्री साडेदहाला वीज गेली. इन्व्हर्टरच्या पडद्यावर बॅटरी ६२ टक्के दिसत होती, म्हणून मी निर्धास्त झोपलो. पावणेतीनच्या सुमारास बॅटरीच्या पेटीतून खट्कन आवाज झाला, पंखे थांबले आणि लगेच कॉन्सन्ट्रेटरची शिट्टी सुरू झाली. भरलेला सिलिंडर पलंगाशेजारीच होता म्हणून निभावले, पण अंधारात त्याची नळी बदलताना माझे हात थरथरत होते. आपल्या घरी पूर्ण यंत्रणा बसल्यानंतरही भरलेला सिलिंडर ठेवाच; याबाबतीत माझे मत कधीही बदलणार नाही.

कारण समजायला मला पुढचे अनेक आठवडे लागले. लिथियम बॅटरीत बीएमएस नावाचे स्वतःचे नियंत्रक मंडल असते. बॅटरीत किती वीज शिल्लक आहे, किती विद्युतप्रवाह घ्यावा आणि कुठे थांबावे, हे ते एका तारेतून इन्व्हर्टरला सतत कळवते. ही बोलणी कॅन किंवा आरएस-४८५ नावाच्या संदेशवहन पद्धतीने होतात, पण पद्धत एकच असली तरी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी असू शकते. ती भाषा जुळली नाही तर इन्व्हर्टर केवळ व्होल्टेज पाहून अंदाज बांधतो. जुन्या ट्युब्युलर (लेड-ॲसिड प्रकारच्या) बॅटरीत व्होल्टेज हळूहळू उतरत जाते, त्यामुळे तिथे असा अंदाज बराचसा खरा ठरतो. लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरीत मात्र व्होल्टेज बहुतेक वेळ जवळपास सपाट राहते आणि अगदी शेवटी एकदम कोसळते. आमच्या पडद्यावरचे ६२ टक्के हा असाच अंदाज होता.

त्यानंतरची टोलवाटोलवी आठवली की आजही संताप येतो. इन्व्हर्टरचे सेवा केंद्र सांगे की दोष बॅटरीत आहे, बॅटरीचे सेवा केंद्र सांगे की दोष इन्व्हर्टरमध्ये आहे, आणि दोन्हीकडे प्रत्येक वेळी नवीन तक्रार क्रमांक घेऊन पहिल्यापासून सगळे सांगावे लागे. घरी एक आजारी माणूस या यंत्रावर अवलंबून आहे, हे मी प्रत्येक अर्जात लिहीत होतो. एका तंत्रज्ञाने तर येऊन बॅटरीचा प्रकार 'लेड-ॲसिड' असा बदलून ठेवला. त्यामुळे इन्व्हर्टर बॅटरीला मधूनमधून ६० व्होल्टच्या आसपास नेऊ लागला. आमच्या १६ सेलच्या बॅटरीची कमाल मर्यादा ५८.४ व्होल्ट होती, त्यामुळे बीएमएस वारंवार स्वतःला तोडून घेऊ लागले. शेवटी इन्व्हर्टरच्या माहितीपुस्तिकेत मागच्या पानांवर मान्य बॅटऱ्यांची यादी सापडली आणि तीत आमची बॅटरी नव्हती. ती तोट्यात विकून यादीतली घ्यावी लागली.

म्हणून आपल्याला माझा आग्रह आहे की दरपत्रकावर इन्व्हर्टर आणि बॅटरी या दोन्हींचे पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावेत आणि ही जोडी इन्व्हर्टर कंपनीच्या यादीत आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. संवादाची तार इंटरनेटच्या तारेसारखीच दिसते, पण दोन्ही टोकांना तारांचा क्रम वेगळा असू शकतो. तेव्हा जवळची कोणतीही तार लावू देऊ नये. काम संपल्यावर तंत्रज्ञ समोर असतानाच ती तार काढायला सांगावी. इन्व्हर्टरने बॅटरीशी संपर्क तुटल्याची सूचना दिली नाही, तर संवाद मुळातच चालू नव्हता असे समजावे. नंतर मेन स्विच बंद करून कॉन्सन्ट्रेटर किमान तासभर चालवून पाहावा आणि शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा.

क्षमतेचा हिशेब महिन्याच्या बिलावरून करू नये, वीज गेल्यावर काय चालायला हवे यावरून करावा. वर सांगितलेल्या बॅटरीत कागदावर ५.१२ युनिट मावतात, पण तळाशी राखून ठेवायचा भाग आणि रूपांतरातली घट धरता हाती ४ युनिटच्या आसपास येतात. कॉन्सन्ट्रेटर, फ्रिज, दोन पंखे आणि थोडे दिवे मिळून सरासरी ५५० वॅट धरले तर ७ तास मिळतात. पंप बॅकअपवर मुळीच घेऊ नये. १ अश्वशक्तीची मोटर चालताना ७५० वॅटच्या पुढेमागे घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. अत्यावश्यक उपकरणांसाठी वेगळा डीबी (वीजवाटपाची पेटी) करून घ्यावा.

पैसे वाचतील या आशेने बॅटरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे नेट मीटर आहे, म्हणजे दिवसाची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा होतेच. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदानही, म्हणजे ३ किलोवॉटसाठीचे ७८,००० रुपये, सौर यंत्रणेच्या क्षमतेवर ठरते. बॅटरीमुळे ते वाढत नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवतात तेवढ्यापुरतीच अडचण असती, तर मी आपल्याला साधा घरगुती इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी पुरे असे सांगितले असते. आईंसाठी हवी आहे, म्हणून लिथियम घ्यावी. जुना इन्व्हर्टर बदलणार असाल तर नेट मीटरच्या मंजुरीत त्याचा तपशील नोंदलेला असतो, त्यामुळे आधी लेखी अर्ज करून पोच घ्यावी.

बॅटरी गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली ठेवू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये तिथे इतके तापते की बीएमएस चार्जिंग थांबवू शकते; सावलीतली कोरडी, हवेशीर जागा बरी. विक्रेत्याने सुचवलेल्या दोन्ही वस्तूंचे मॉडेल क्रमांक इथे लिहिलेत तर मी माहितीपुस्तिका शोधून यादी तपासून देईन. तोवर आगाऊ रक्कम भरू नये, ही विनंती.