वाचकांचे प्रश्न : तबल्याच्या सॅम्पल्सचे ग्रुप कसे पाडावेत?

प्रश्न : एका तबलावादक मित्राकडून मी ना, तिं, ते, टे, घे आणि के हे सहा बोल ध्वनिमुद्रित करून घेतले. प्रत्येक बोल हलका, मध्यम आणि जोरकस अशा तीन आघातांत, आणि प्रत्येक आघात चार वेळा घेतला आहे. कॉन्टॅक्ट या सॅम्पलर सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे ७२ सॅम्पल्स (ध्वनिमुद्रित तुकडे) मी एकाच ग्रुपमध्ये टाकले. आता कीबोर्डची पट्टी दाबली की आवाज अवास्तव मोठा आणि पोकळ येतो, 'के' वाजवला तरी आधीच्या 'घे'चा घुमारा चालूच राहतो, आणि पिच बेंडचे (स्वर वर-खाली सरकवणारे) चाक फिरवले की डग्ग्याबरोबर तबल्याचा स्वरही सरकतो. ग्रुप बोलांप्रमाणे पाडावेत की आघाताच्या जोराप्रमाणे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : या दोन्हींपैकी कशाहीप्रमाणे नव्हे. फाइली नीट लावून ठेवण्याचे कपाट म्हणून ग्रुपकडे पाहिले की नेमका हाच गोंधळ होतो. कोणता सॅम्पल कोणत्या पट्टीवर आणि किती जोराच्या आघाताला वाजावा, हे त्याचा झोन, म्हणजे त्याला नेमून दिलेली पट्ट्यांची आणि जोराची कक्षा, ठरवतो. तो केव्हा सुरू व्हावा, कशामुळे थांबावा आणि त्याचा स्वर कशाने हलावा, हे मात्र ग्रुपच्या पातळीवर ठरते. म्हणून ज्या सॅम्पल्सना एकच नियम लागू व्हायचा आहे, ते एका ग्रुपमध्ये ठेवावेत.

तीन आघातांसाठी वेगळे ग्रुप करण्याची गरज नाही. मिडी या कीबोर्ड आणि संगणक यांच्यातील संकेतपद्धतीत आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. ही कक्षा तीन झोनमध्ये एकमेकांवर न चढवता वाटून दिली की काम झाले. चार आवृत्त्यांचे तसे नाही. एकाच ग्रुपमध्ये, एकाच पट्टीवर आणि एकाच जोरावर चार झोन असतील, तर सॅम्पलर ते चारही एकदम वाजवतो, आणि तुम्हाला ऐकू येणारा मोठा, पोकळ आवाज त्याचाच आहे. त्यामुळे पहिली आवृत्ती पहिल्या ग्रुपमध्ये, दुसरी दुसऱ्यामध्ये अशी विभागणी करून प्रत्येक ग्रुपच्या 'ग्रुप स्टार्ट ऑप्शन्स'मध्ये 'सायकल राउंड रॉबिन' (आळीपाळीने वाजवणे) निवडावे आणि त्याचा क्रमांक द्यावा. कायद्यात (तबल्यावरील एक रचनाप्रकार) 'ना' वारंवार येतो तेव्हा तोच आघात जसाच्या तसा पुन्हा ऐकू आला, तर कानाला यंत्र लगेच कळते; चार आवृत्त्या घेण्याचे कष्ट सार्थकी लागतात ते येथे.

आता तबला आणि डग्गा वेगळे करावेत, कारण त्यांचे नियम वेगळे आहेत. तबल्याच्या चार ग्रुपमध्ये ना, तिं, ते, टे आणि डग्ग्याच्या चार ग्रुपमध्ये घे, के, असे आठ ग्रुप तुम्हाला पुरतील. बोलागणिक पाडले असते तर चोवीस झाले असते आणि पुढची प्रत्येक दुरुस्ती तितक्या ठिकाणी तपासावी लागली असती.

डग्ग्याचे चारही ग्रुप एकाच 'व्हॉइस ग्रुप'मध्ये (एका वेळी किती आवाज वाजावेत, याची मर्यादा घालणारा गट) घालून त्याची मर्यादा एक आवाज इतकी ठेवावी. वादकाचा पंजा डग्ग्याच्या पुडीवर पडला की घुमारा दबतो. तेच येथे घडेल आणि 'के' येताच 'घे' थांबेल. आवाज विरण्याचा अवधी शून्यावर ठेवू नये, नाहीतर कटकन आवाज येतो. तबल्यासाठी दुसरा, स्वतंत्र व्हॉइस ग्रुप करावा. दोन्हींना एकच दिला, तर ना आणि घे एकत्र वाजून होणारा 'धा' वाजवताना ते दोन्ही एकमेकांना कापतील आणि बोलच मोडेल. तबल्याचा विरण्याचा अवधी मात्र थोडा जास्त असावा, कारण एका खुल्या बोलामागून दुसरा खुला बोल आला असता पहिल्याची आस एकदम तुटलेली बरी वाटत नाही. हा अवधी कानानेच ठरवावा.

पिच बेंडचा प्रश्न याच विभागणीने सुटतो. 'एडिट ऑल ग्रुप्स' बंद करावे, फक्त तबल्याच्या चार ग्रुपवर खूण करावी आणि त्यांच्या स्वरावरील पिच बेंडचा परिणाम काढून टाकावा. मग चाकाने फक्त डग्ग्याचा घुमारा वर-खाली होईल. हे बटण चुकून चालू राहिले, तर बदल आठही ग्रुपना लागू होतो, म्हणून प्रत्येक बदलापूर्वी त्याकडे एकदा पाहावे. काळी एकचा तबला (म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात लावलेला) काळी दोनला न्यायचा असेल, तर तोही याच चार ग्रुपचा स्वर चढवून नेता येतो. पण त्याहून फार दूर नेल्यास चाटेचा (तबल्याच्या कडेचा) नाद बदलतो, आणि तेव्हा नवे ध्वनिमुद्रण करणेच योग्य.

प्रश्न : हीच रचना एसएफझेड (सॅम्पल्सची मांडणी साध्या मजकुरात लिहिण्याचा प्रकार) फाइलमध्ये करता येते का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : होय, आणि त्यासाठी साधा टेक्स्ट एडिटर व स्फोरझांडोसारखा मोफत प्लेअर पुरतो. 'ग्रुप' या शीर्षकाखाली लिहिलेला नियम पुढचा 'ग्रुप' येईपर्यंतच्या सर्व 'रीजन'ना (येथे झोनला रीजन म्हणतात) लागू होतो, म्हणून वरील आठ ग्रुप तसेच उतरवता येतात. मात्र शीर्षकातील 'ग्रुप' आणि बरोबरच्या चिन्हासह आकडा घेणारी 'ग्रुप' ही सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : कोणी कोणाला थांबवायचे, ते दुसरीने आणि 'ऑफ बाय' या सूचनेने ठरते. पिच बेंड येथे मुळातच दोन्ही बाजूंना २०० सेंट (दोन अर्धस्वर) धरलेले असते. तबल्याच्या ग्रुपमध्ये ते शून्य करावे.