अमेरिकेत काही लोक गर्भपात आणि समलिंगी हक्कांविरुद्ध अख्खं आयुष्य घालवतात. त्यांना त्यातून मिळतं तरी काय?

पैसा आणि द्वेष, ही दोन उत्तरं तुम्हाला हवी तेवढी मिळतील. मी नोकरीनिमित्त काही वर्षं सेंट लुईसला होतो. तिथल्याच एका बाईंबद्दल वाचल्यापासून ही उत्तरं मला तोकडी वाटतात.

फिलिस श्लाफ्ली, जन्म 1924. कॅथलिक घर. मंदीत वडिलांची नोकरी गेली आणि आईच्या पगारावर घर चाललं. युद्धकाळात या बाई रात्रपाळीला काडतुसं तपासायच्या आणि दिवसा कॉलेज करायच्या. त्यांचा आवडता विषय कम्युनिझम आणि अणुबॉम्ब. 1952 आणि 1970 मध्ये त्यांनी अमेरिकन संसदेची निवडणूक लढवली, दोन्हीदा पडल्या. 1967 मध्ये रिपब्लिकन महिला संघाचं अध्यक्षपदही हुकलं. त्यावर त्यांनी काय केलं? आपल्या बाजूच्या बायकांना दरमहा पत्रिका पाठवायला सुरुवात केली.

म्हणजे पत्त्यांची यादी आधी तयार झाली. स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीचा विषय नंतर, 1971 च्या अखेरीस आला, तोही कुणी वादविवादाला बोलावलं म्हणून. बाईंना खरं तर देशाच्या संरक्षणावर बोलायचं होतं! पण मग त्या या दुरुस्तीच्या विरोधातच उभ्या राहिल्या.

मग त्यांच्या मागे हजारो बायका कशा आल्या? मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्यातल्या कित्येक चर्चला जाणाऱ्या, नोकरी नसलेल्या गृहिणी होत्या. नवऱ्याने पोसायचं हे कायद्याने बांधलेलं होतं, आणि त्याच सुमारास घटस्फोट सोपे होऊ लागले होते. समान हक्क म्हणजे आपल्या पायाखालची सतरंजी ओढणं, असं त्यांना वाटलं. मला ती भीती चुकीच्या दिशेने वळवलेली वाटते, पण खोटी नाही वाटत. त्याच भीतीला बाईंनी मुलींची सक्तीची सैन्यभरती, गर्भपात आणि समलिंगी विवाह एकेक करून जोडले. आमदारांना घरच्या भट्टीतला पाव नेऊन दिला. दुरुस्तीला 38 राज्यांची मंजुरी हवी होती. गाडी 35 वर अडकली आणि 30 जून 1982 ला मुदत संपली.

जिंकल्यावर घरी का नाही बसल्या? घरीच बसायचं असतं तर सहा मुलं सांभाळून, पन्नाशीनंतर वकिलीची पदवी कशाला घेतली असती? पक्षाने जे दिलं नाही ते या लढ्याने दिलं: स्वतःची संघटना, मान आणि आपल्या शब्दावर हलणारी माणसं. यात ढोंग होतं असं मी म्हणणार नाही, श्रद्धा खरीच होती. पण श्रद्धा आणि गादी एकत्र आली की उठवत नाही.

1992 मध्ये त्यांचा थोरला मुलगा समलिंगी असल्याचं जगजाहीर झालं, तेही त्याच्या मर्जीविरुद्ध. तो आईच्याच बाजूने उभा राहिला आणि बाईंची भूमिका तसूभर बदलली नाही. 2016 मध्ये, 91 व्या वर्षी, ट्रम्पना पाठिंबा देण्यावरून त्यांच्या स्वतःच्या संघटनेत फूट पडली. विरोधी गटात त्यांची मुलगी होती. बाई तेव्हाही मागे हटल्या नाहीत; त्याच सप्टेंबरात गेल्या.