‘नमस्ते’मधला ‘ते’ आणि अनोळखी माणूस

प्रश्न असा आहे: ‘नमस्ते’चा अर्थ ‘तुला नमन’ असेल, तर वयाने मोठ्या अनोळखी माणसाला तसे म्हणणे उद्धटपणाचे नाही का? ‘नमस्कार’च बरोबर ना?

अर्थ बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. ‘नमः’च्या योगात संस्कृतात चतुर्थी येते, ‘नमः शिवाय’, ‘श्रीगणेशाय नमः’ आपण रोज म्हणतो. ‘ते’ हे ‘तुभ्यम्’चे आखूड रूप, म्हणजे ‘तुला’. पण आपला तू-तुम्ही हा भेद संस्कृतातल्या ‘त्वम्’वर जसाच्या तसा लादता येत नाही. आदरार्थी ‘भवान्’ तिथे आहे, तरी ‘त्वम्’ म्हटले की अनादर झालाच असे नव्हे. महालक्ष्म्यष्टक ‘नमस्तेऽस्तु महामाये’ असे सुरू होते. देवीला तिथे कुणी अरेतुरे करत नाही. काटेकोर संस्कृतात दोघांना ‘नमो वाम्’ आणि अनेकांना ‘नमो वः’ म्हणावे लागेल. मराठीत मात्र ‘नमस्ते’ हा गोठलेला शब्द आहे, भरल्या सभेलाही तो चालतो.

तरीही मराठी बोलताना ‘नमस्कार’ सरस, असे माझे मत आहे. कारण आदराचे नाही, वाक्यरचनेचे आहे. ‘नमस्कार’ हे नाम असल्यामुळे तो करता येतो, घालता येतो, कुणाच्या हाती पाठवताही येतो: ‘आईंना माझा नमस्कार सांगा.’ इथे ‘नमस्ते सांगा’ म्हणून पाहा, लगेच खटकेल. जाता जाता लेखनाचे: ‘नमःकार’ चूक. ‘अंतःकरण’मध्ये विसर्ग टिकतो, ‘नमस्कार’ आणि ‘पुरस्कार’मध्ये त्याचा ‘स्’ होतो. त्यासाठी पाणिनीचे स्वतंत्र सूत्रच आहे (८.३.४०).

पत्रात अनोळखी व्यक्तीला ‘स. न. वि. वि.’, म्हणजे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’, पुरते. ‘सा. न. वि. वि.’मधला नमस्कार साष्टांग असतो, तो वडीलधाऱ्यांसाठी ठेवावा. ‘तीर्थरूप’ फक्त आईवडिलांना. त्यांच्या जागी असणाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’. ही गल्लत फार होते.

प्रत्यक्ष बोलण्यात खरी अडचण वेगळीच आहे. रस्त्यात पत्ता विचारताना नुसते ‘नमस्कार’ म्हटले की समोरचा सावध होतो. वर्गणी मागणारा किंवा काही विकायला आलेला माणूस असेच सुरू करतो. तिथे ‘अहो दादा’, ‘ओ ताई’, ‘काका, जरा ऐकता का?’ हेच आपले अभिवादन. नात्याचा शब्द घातला की परकेपणा तेवढ्यापुरता मिटतो, ‘अहो’ने आदरही राखला जातो. ‘नमस्कार’ शोभतो तो जिथे थांबून बोलायचे आहे तिथे: कचेरीत, कुणाच्या दारात, फोनवर. फोनवर त्याच्यापाठोपाठ लगेच स्वतःचे नाव सांगावे, नाहीतर पलीकडचा ‘कोण बोलतंय?’ म्हणतोच.

गावाकडे ‘रामराम’ अनोळखी वाटसरूलाही घालतात. त्याला उत्तर ‘रामराम’च, ‘बरा आहे’ असे उत्तर देणारा शहरातला म्हणून ओळखू येतो. वारकरी ‘रामकृष्ण हरी’ म्हणतो, समोरच्याला ‘माउली’ म्हणतो, आणि दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. लहानमोठा कोण हे पाहिले जात नाही. कुणी ‘जय भीम’ म्हटले, तर उत्तरही ‘जय भीम’च द्यावे. त्यावर ‘नमस्कार’ म्हणणे व्याकरणात बसते, पण ऐकणाऱ्याला ते टाळल्यासारखे वाटते, आणि तसे वाटणे रास्त आहे.

निरोपाला ‘जातो’ नको, ‘येतो’ म्हणावे. पहिल्यांदाच भेटलेल्या दुकानदारालाही ते चालते. ‘रामराम ठोकला’ हे मात्र निरोपाचे वाक्य समजू नका. त्याचा अर्थ कायमचे सोडून दिले असा होतो.