बस्टर कीटनच्या मूकपटाला पेटी-तबल्यावर लाइव्ह साथ कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की फिल्म क्लबात बस्टर कीटन या अमेरिकी विनोदी नट-दिग्दर्शकाचा 'वन वीक' (१९२०) दाखवताय, तुम्ही पेटी वाजवणार, मित्र तबला, आणि 'विनोदी म्युझिक' नेमकं कसं वाजवायचं ते कळत नाहीये. मी मूकपटांना पेटीवर साथ करतो, त्या अनुभवावरून सरळ सांगतो, विनोदी म्युझिक वाजवूच नका. पडद्यावर हसायचं नाही हीच कीटनची ओळख. पिक्चरमधल्या त्या बिचाऱ्याला खरोखर बायकोसाठी घर बांधायचंय, घराचे सुटे भाग खोक्यांतून आलेत, त्या खोक्यांवरचे नंबर कुणीतरी बदललेत म्हणून घर वाकडं उभं राहतंय आणि तो मनापासून खटपट करतोय. तुम्हीही तेवढ्याच मनापासून वाजवा, हसायचं काम लोक बघून घेतील.

शेवटचा सीन घ्या, तो जमला की सगळं जमलं. घर ओढून नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं, गाडी येताना दिसते, आता संपलंच असं वाटतं आणि गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. हुश्श म्हणेपर्यंत उलट्या बाजूने दुसरी गाडी येते आणि घराचा चुराडा. पहिल्या गाडीला हवा तेवढा ताण चढवा, भाता जोरात, तबल्यावर रेला (एकामागून एक धावते बोल), लय वाढवत न्या. ती गेली की क्षणभर थांबून नवराबायकोची जी धून तुम्ही ठरवली असेल ती सावकाश सुरू करा, आणि दुसऱ्या गाडीची काहीही म्हणजे काहीही तयारी करू नका. खर्जातला एक सूर जरी दाबून धरलात तरी लोक सावध होतात आणि हसू अर्ध्यावर येतं. धून ओळीच्या मधेच तुटू द्या. त्यानंतर दोघंही गप्प, हॉलमध्ये जो काय आवाज होईल तो होऊ दे.

तबलजी मित्राला तिहाईबद्दल, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याबद्दल, आधीच सांगून ठेवा, कारण माणूस पडला की तिहाई घेऊन समेवर यायचा मोह प्रत्येकाला होतो. आपल्या कानांना तिहाईच्या पहिल्या तुकड्यालाच सम कुठे येणार ते कळतं, म्हणजे तो पडायच्या आधीच तुम्ही गंमत फोडून टाकलीत. पण जिथे लोकांना पुढचं दिसतंय आणि फक्त त्यालाच दिसत नाहीये तिथे तिहाई फार सुंदर बसते. पियानो घरात ओढायचा सीन आठवा, दोर छताला अडकवून तो जीव खाऊन ओढतोय आणि वरचं छत खाली वाकत चाललंय. तिथे घ्या खुशाल, लांबलचक घ्या.

धुना तीनच पुरेत, जोडप्याची, घराची आणि त्या नंबर बदलणाऱ्याची. प्रत्येकी दोन ओळी. तीच धून विलंबित, तीच दुगुनीत (दुप्पट लयीत), तीच एखादा स्वर कोमल करून, एवढ्यावर अख्खा पिक्चर निघतो. तबला ज्या पट्टीत लावलाय तीच शेवटपर्यंत ठेवा. ओळखीची सिनेमाची गाणी नकोत, लोक मनातल्या मनात शब्द म्हणायला लागतात आणि पडद्यावरून लक्ष जातं.

कॉपीचं मात्र नीट बघा. त्या काळी कॅमेरे हाताने फिरवायचे त्यामुळे पुढे प्रत्येकाने आपापल्या स्पीडने कॉप्या काढल्यात, हाच पिक्चर कुठे वीसेक मिनिटांचा तर कुठे पंचवीसचा मिळतो. जी फाइल शोला लावणार तिच्यावरच प्रॅक्टिस करा, आणि तिच्यात भरलेलं म्युझिक बंद करा, पिक्चर जुना असला तरी ते म्युझिक नवं असतं आणि त्याचा कॉपीराइट वेगळा असू शकतो. कागदावर मिनिटं लिहू नका, 'खोकी उतरली', 'वादळ सुरू' असं जे दिसतं ते लिहा. अमेरिकेत थेटरात वाजवणाऱ्यांना असेच क्यू शीट, म्हणजे कुठल्या प्रसंगाला काय वाजवायचं त्याचे कागद, यायचे. १९२४ मध्ये एर्नो रापे या संगीतकाराने तर ५२ प्रकारच्या मूड आणि प्रसंगांच्या चिजा एका पुस्तकात दिल्या, आणि पानाच्या कडेला मूडची यादी छापली, म्हणजे वाजवता वाजवता हवं ते पान सापडावं. तुम्हाला एवढं नको, एक कागद बास. आणि कीबोर्ड पाहिजेच का म्हणून टेन्शन घेऊ नका, मूकपटांच्या जमान्यात आपल्याकडच्या बऱ्याच थेटरांत पेटी-तबलाच वाजायचा.

बसताना दोघांनाही पडदा सरळ दिसेल असं बसा. पडद्यावर संवादाच्या पाट्या येतात तेव्हा आवाज खाली घ्या, वाचायला वेळ लागतो. शोच्या आधी मूकपट कधीच न बघितलेल्या चार जणांना बसवून एकदा पूर्ण वाजवा आणि ते कुठे हसतात त्यावर खूण करा. पिक्चर कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे त्या जागी भाता हलका ठेवून साधा ठेका चालू राहू द्या आणि हसणं ओसरलं की मगच पुढची धून उचला.