६० विद्यार्थ्यांना ८ आठवडे ध्यान शिकवून आधी-नंतर चाचणी घेतली, तर प्रबंधाला चालेल का?

प्रबंधाला चालेल, कारण गाईड म्हणतील, 'टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांतला फरक तपासायची चाचणी) लाव आणि मोकळा हो.' पण त्यावरून ध्यानाचा परिणाम कळणार नाही.

माझं जुनं भांडण याच आधी-नंतरशी आहे. जुलैत होस्टेलला नवीन आलेली मुलं सप्टेंबरपर्यंत तशीही रुळतात. शिवाय अशा कोर्सला आपणहून नाव देणारी बरीच मुलं त्या वेळी जास्तच बेचैन असतात. नुसतं पुन्हा मोजलं तरी त्यांचे आकडे सरासरीकडे सरकतात. श्रेय सगळं ध्यानाला.

केंब्रिज विद्यापीठातला २०१८चा अभ्यास बघा. ६१६ विद्यार्थ्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी केली: ३०९ जणांना ८ आठवड्यांचा माइंडफुलनेस (सजगतेच्या ध्यानाचा) कोर्स, ३०७ जणांना नेहमीची समुपदेशन सेवा तेवढी. आणि मुख्य मोजणी ठेवली ऐन परीक्षेच्या दिवसांत! कोर्स संपताना हसऱ्या चेहऱ्यांनी भरलेल्या फॉर्मवर निकाल ठरवला नाही. मानसिक त्रास ध्यानगटात कमी निघाला. परीक्षेच्या गुणांबद्दल मात्र ठाम काही हाती लागलं नाही. 'ध्यानाने मार्क वाढतात' अशी पोस्टरं लावणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

तुम्हीही ६० जणांचे असेच दोन गट करा. पण ३०-३०च्या गटांत फरक पाऊण प्रमाण विचलनाएवढा (प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) असला तरच तो पकडला जाण्याची ८० टक्के खात्री. अर्ध्या विचलनाचा फरक पकडायचा तर प्रत्येक गटात ६४ हवेत, वर गळतीची भर. मुलं कमी पडतात म्हणून शेजारचं अख्खं कॉलेज तुलनागट करू नका. तिथले शिक्षक, सबमिशनच्या तारखा, सगळंच वेगळं. दोन्हीकडची नावं एकत्र करा, मग वाटा. तुलनागटाला कोर्स नंतर द्या, म्हणजे कुरकुर होत नाही. मधेच सोडून गेलेल्यांकडूनही शेवटचा फॉर्म भरून घ्या आणि त्यांना मूळ गटातच मोजा.

ताणासाठी १० प्रश्नांची पीएसएस (पर्सिव्ह्ड स्ट्रेस स्केल, ताण मोजायची प्रश्नावली) वापरणार असाल तर ४, ५, ७, ८ हे प्रश्न उलटे आहेत. बेरजेआधी ० चे ४, १ चे ३ असं फिरवून घ्या. न फिरवता केलेल्या बेरजेवर उभं राहिलेलं प्रबंधाचं निष्कर्षाचं प्रकरण म्हणजे नुसता कागद. गुणांवरचा परिणाम बघायचा असेल तर मागच्या सेमिस्टरचे गुण आधार धरा आणि पेपर तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात हे कळू देऊ नका.

हो, आणि स्वतःच्या वर्गातली मुलं घेऊ नका. इंटर्नलचे मार्क तुमच्या हातात असताना 'नको' कोण म्हणेल? ज्यांना पूर्वी सायकोसिसचा (भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याचा) त्रास झालाय त्यांना घेऊ नका. ध्यानाने काहींची अस्वस्थता वाढतेही. अशा वेळी कोणाकडे पाठवायचं, ते नैतिक समितीच्या अर्जातच लिहा.