नवीन शहरात घर बदलल्यावर रुळायला किती दिवस लागतात? तुम्ही कसे रुळलात?

पंधरा दिवस झाले, सामान हलवतानाचा मनस्ताप डोक्यातून जात नाही, सोसायटीत कुणी ओळखीचं नाही आणि संध्याकाळी ‘घरी चाललोय’ असं वाटतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. वाचून आमचा जून महिना आठवला.

आम्ही सोलापूरहून पुण्याला आलो, कोथरूडमध्ये. तिसरा मजला, भाड्याचं घर. टेम्पो दुपारी यायचा तो संध्याकाळी सातला आला. सोसायटीत सामान हलवायची वेळ दहा ते सहा, आणि लिफ्टमधून सामान न्यायचं नाही. हे मालकाने आम्हाला सांगितलंच नव्हतं. वॉचमन हटेना, सामानवाले ‘जिन्याचे चार हजार वेगळे’ म्हणून अडून बसले. मी तावातावाने वॉचमनला ‘काय बे’ म्हणून बसलो. सोलापुरात त्याचं कुणाला काही वाटत नाही, इथे वाटलं. शेवटी अर्धं सामान रात्रभर पार्किंगमध्ये राहिलं आणि पावसाने दोन गाद्या भिजल्या. सोसायटीशी आमची पहिली ओळख ही अशी.

पुढचा महिनाभर मी भेटेल त्याला हीच कहाणी सांगत होतो. ऑफिसात, फोनवर, मेहुण्याला तर दोनदा. एक दिवस बायको म्हणाली, “तू अजून पार्किंगमध्येच उभा आहेस.” बोचलं, पण खरं होतं. शिवाय सोलापूरच्या घराचं डिपॉझिट अडकलेलं, गॅस तिकडच्या एजन्सीत, इथला भाडेकरार नोंदवलेला नाही. एक पाय तिकडे ठेवून इथे मन कसं रमणार?

म्हणून माझा पहिला सल्ला रुक्ष आहे: कागद उरका. शहर बदललं असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, घ्या. डिपॉझिट परत मिळतं आणि त्याच व्हाउचरवर नव्या गावात कनेक्शन मिळतं. महाराष्ट्रात असाल तर भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच हवा. 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, त्यामुळे मागायला संकोच करू नका. पत्ता बदलायला बहुतेक ठिकाणी भाडेकरारच चालतो. मतदारयादीतल्या पत्त्यासाठी फॉर्म 8. जुन्या मालकाकडून डिपॉझिट यायचं असेल तर फोनवर भांडण्यापेक्षा मेसेजमध्ये तारीख मागा. जिन्याच्या चार हजारांवर मात्र मी पाणी सोडलं. पावती नव्हती, आणि रोज त्यांचा हिशेब मांडण्यात जास्त खर्च होत होता.

आता माणसांचं. ‘शेजाऱ्यांकडे जाऊन ओळख करून घ्या’ हा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. मला ते जमत नाही. हातात काही काम नसताना अनोळखी दाराची बेल वाजवायची तर पुण्यात जरा धाडसच लागतं. दुपारी एक ते चारमध्ये तर विचारूच नका.

आमची ओळख झाली ती पिठाच्या गिरणीत. आम्हाला भाकरी रोज लागते आणि तयार पिठाची भाकरी थापताना चिरते. म्हणून गावाकडची ज्वारी घेऊन गिरणी शोधत निघालो. गिरणीवाले म्हणाले, “ज्वारी गव्हानंतर, संध्याकाळी सातला या.” सातला गेलो तर आधीच पाचसहा डबे रांगेत. डबा ठेवून कुणी जात नाही, कारण आपल्या पिठात दुसऱ्याचं मिसळेल ही भीती सगळ्यांनाच. मग उभ्या उभ्या गप्पा. मुलीच्या शाळेचे रिक्षावाले काका, बोलावल्यावर खरंच येणारा प्लंबर, ताप आला तर कुणाकडे जायचं आणि कुणाकडे मुळीच जायचं नाही, हे सगळं मला त्या पिठाच्या धुरळ्यात कळलं. तिसऱ्या आठवड्यात गिरणीवाल्यांनी मला बघून नुसतं “ज्वारी?” विचारलं. कोथरूडमध्ये मला ओळखणारं ते पहिलं माणूस.

तुमच्याकडे गिरणी नसेल तर इस्त्रीवाला असेल, दूधकेंद्र असेल. किराणा निदान पहिले तीन महिने तरी मोबाईलवरून मागवू नका. दहा मिनिटांत सामान दारात येतं आणि गल्ली तुम्हाला अनोळखीच राहते. आणि जाल तिथे शक्यतो एकाच वेळी जा. मी सकाळी म्हातोबा टेकडीवर कधी सहाला, कधी आठला जायचो तेव्हा रोज नवीन चेहरे दिसायचे. साडेसहा ठरवल्यावर आठवड्याभरात लोक मान हलवायला लागले. ओळख तेवढीच, अजूनही त्यातल्या अनेकांची नावं मला ठाऊक नाहीत.

शेजाऱ्यांचं गाडं मात्र पाण्यामुळे सुटलं. आम्ही सोलापुरात होतो तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं. त्या सवयीने आम्ही इथेही रात्री बादल्या, घागरी, पातेली सगळं भरून ठेवायचो. खालच्या काकू बायकोला हसल्या होत्या, “अगं, इथे रोज येतं पाणी!” ऑगस्टमधल्या एका गुरुवारी महापालिकेने दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं. शुक्रवारी सकाळीही आलं नाही, सोसायटीची टाकी संपली, टँकरचा पत्ता नाही. साडेआठला बेल वाजली. काकू, हातात रिकामी बादली. “सोलापूरकर, आहे का हो थोडं?” त्या दिवशी आमच्याकडून तीन घरांत पाणी गेलं. संध्याकाळी डब्यातून साबुदाण्याची खिचडी आली. डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून बायकोने शेंगाचटणी भरून दिली. तेव्हापासून तो डबा खाली-वर फिरतोच आहे.

तुम्ही ‘किती दिवस’ विचारलंय. आम्हाला साधारण तीन महिने लागले. मुलगी आठ दिवसांत रुळली, बायको गिरणीमुळे महिन्याभरात, मी सगळ्यात शेवटी. वॉचमनशी अजून जेवढ्यास तेवढंच आहे, चूक माझी आहे.

आणि सगळी खोकी एकदम फोडायचा हट्ट धरू नका. स्वयंपाकघर, अंथरुणं आणि मुलांची पुस्तकं लावली की बाकीचं थांबतं. आमची तीन खोकी अजून माळ्यावर तशीच आहेत. त्यातल्या एकावर माझ्याच अक्षरात ‘फार महत्त्वाचं’ असं लिहिलंय, आत काय आहे ते दोघांनाही आठवत नाही.