उन्हाळ्यात नाशिकजवळ होडी आणि डोंगरभटकंती कुठे करता येईल?

मे महिन्यात एकच अट: सूर्याच्या आधी घर सोडा.

पाण्यासाठी गंगापूर धरणाचा बोट क्लब. निघण्यापूर्वी चालू आहे ना ते विचारून घ्या, कारण उन्हाळ्यात पाणी बरंच खाली जातं. वल्हवायला मिळालं तर सकाळीच; वारा सुटला की दंड भरून येतात. आणि लाइफ जॅकेट पट्टीच्या पोहणाऱ्यानेही घालायचं!

डोंगरात पहिल्यांदाच जात असाल तर पेठ रस्त्यावरचा रामशेज किल्ला, पायथ्याला आशेवाडी गाव. चढ सोपा, पण सावली जवळजवळ नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी न्या.

मला विचाराल तर त्र्यंबक रस्त्यावरचा अंजनेरीचा डोंगर. जाळीत काळी करवंदं पिकलेली असतात. तोडताना देठाचा पांढरा चीक बोटांना चिकटतो, तो तासभर सुटत नाही. हरिहर किल्ला मात्र पावसानंतरच करा. उन्हात त्या कातळपायऱ्या तव्यासारख्या तापतात.